कवड्याची गुरगुर

फार वर्षांमागे मी एक आवाज ऐकला होता. तो अजून कानात आहे. जात्यातले दाणे संपत आले की दगडावर दगड घासून जी घरघर होते, तसा तो आवाज होता. झाडाखाली एक कुत्रा भाकरी खात होता आणि मी त्याच्या फार जवळून चाललो होतो. मी दचकून थांबलो. शेजारी एक म्हातारे मेंढपाळ लोकर पिंजत बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "दोन पावलं मागं हो. आणि त्याचे उपकार मान."

कुत्र्याचे उपकार कशासाठी मानायचे, ते मला कळलं नाही. मग त्यांनी मला ही गोष्ट सांगितली. गाव कोणतं आणि राज्य कोणाचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ज्यांनी त्यांना सांगितली, त्यांनाही ठाऊक नव्हतं. गोष्टीचं त्यावाचून अडत नाही.

एका माळावर मेंढपाळांचा तळ होता. गवत जिकडे असेल तिकडे तो तळ जाई. तळाच्या प्रमुखाला सगळे धनी म्हणत. त्याची बायको, एक नात, धाकटा भाऊ, आणखी पाच-सहा घरं आणि चारशे मेंढरं, एवढा त्याचा संसार होता.

धनी वाईट माणूस नव्हता. लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन तो कोसभर चाले. पण एक गोष्ट त्याला खपत नसे. कुणी उलट बोललेलं.

त्या तळाची एक जुनी रीत होती. संध्याकाळी प्रमुख जेवायला घोंगडीवर बसला की त्याचा हात धुऊन होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. बापाच्या वेळी ही रीत जेवणापुरती होती. धन्याच्या वेळी ती दिवसभर पसरली.

धाकटा भाऊ आधी बोलायचा.

"दादा, त्या ओढ्याचं पाणी चांगलं न्हाई. मेंढरं पाजू नको."

"गप."

"दादा, आज ऊन फार हाय. कोकरं चालायची न्हाईत."

"गप म्हटलं ना!"

असं पुष्कळ दिवस चाललं. मग धाकट्याचं बोलणं कमी झालं, आणि एका वर्षी ते थांबलं. सांगितलं तेवढं काम करायचं, मान हलवायची, आपल्या घोंगडीवर जाऊन पडायचं. धनी बायकोला म्हणाला, "बघ, आता शहाणा झाला."

धनिणीने तव्यावरची भाकरी उलटली.

त्याच वर्षी तळावर एक पिल्लू आलं. काळं अंग आणि त्यावर कवड्या मांडल्यासारखे पांढरे ठिपके. त्याला कवड्या म्हणू लागले. पिल्लू धीट होतं. त्याच्या खायच्या परळात कुणी हात घातला की ते बारीक आवाजात गुरगुरायचं. बायका हसायच्या. धनी हसला नाही.

त्याने बाभळीचा एक ओला फोक काढला. "ज्याची भाकरी खातो, त्याच्यावरच गुरगुरतो?" असं म्हणून त्याने एक फटका दिला. पिल्लू गुरगुरलं की फटका, ओठ वर उचलला की फटका. महिनाभरात पिल्लू गप झालं.

कवड्या मोठा झाला. मेंढरं राखण्यात त्याच्यासारखा कुत्रा त्या माळावर नव्हता. लांडगा दिसला की भुंकून माळ उठवायचा. पण माणसावर तो कधी गुरगुरला नाही. धन्याला याचा फार अभिमान होता. दुसऱ्या तळाचे पाहुणे आले की तो कवड्यापुढे भाकरी टाकायचा, तो खात असताना ती तोंडातून ओढून घ्यायचा, त्याचा कान पिळायचा आणि म्हणायचा, "बघा! हूं की चूं न्हाई. असं असावं जनावर."

पाहुणे म्हणायचे, "वा धनी! तुमच्या तळावर कुत्रंसुद्धा शब्दाबाहेर न्हाई."

कवड्या तोंड फिरवून दुसरीकडे बघायचा. जिभेने नाक चाटायचा. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायचं. हे सगळ्यांसमोर व्हायचं, पण बघत कुणी नव्हतं.

एका वर्षी लोकर कातरायचे दिवस आले. तळ पंधरा दिवस एका जागी थांबणार होता. सगळे कात्र्या चालवण्यात गुंतले होते. धन्याची नात चार वर्षांची होती. तिला लाडाने ठकी म्हणत. कवड्या झुडपाच्या सावलीत पडला होता. ठकी त्याच्याजवळ गेली. ती नेहमीच जायची. त्याच्या गळ्यात हात टाकायची, अंगावर लोळायची. त्या दिवशीही तिने गळ्यात हात टाकला आणि लाडाने त्याचा डावा कान ओढला.

कवड्याने मान फिरवली. नाक चाटलं. ठकीने पुन्हा कान ओढला.

तो चावला.

ना भुंकला, ना गुरगुरला. गपकन चावला, सोडलं आणि लांब जाऊन मान खाली घालून बसला. ठकीच्या मनगटावर तीन दात उमटले होते. धनिणीने जखम धुतली, हळद भरली. पोर रडून रडून झोपली.

तळावर रीत होती. लेकराचं रक्त काढणारं कुत्रं तळावर ठेवायचं नाही. त्याच्या गळ्यात दोर बांधायचा, दोराला धोंडा, आणि नदीच्या डोहात सोडायचं. तळावरचे तीन म्हातारे धन्याच्या पालापुढे येऊन बसले. एकाने येतानाच धोंडा आणला होता. तो त्याने खाली ठेवला.

"धनी, काय करायचं ते तुम्हाला ठाऊक हाय."

धनी धोंड्याकडे बघत राहिला. दोन वर्षांमागे लांडग्याने धन्यावरच झेप घेतली होती, तेव्हा हा कुत्रा मधे पडला होता. त्याच्या मानेवर अजून तो व्रण होता.

"पिसाळला असंल," दुसरा म्हातारा म्हणाला.

"पाणी पितोय," धनी म्हणाला. "पिसाळलेला न्हाई."

"मग तर आणखी वाईट. पिसाळलेला निदान कळतो. हा कळतच न्हाई."

शेवटी ठरलं. कातरणी संपून तळ हलेल त्या दिवसापर्यंत मुदत. तोवर कुत्रा बांधून ठेवायचा, पोरं लांब ठेवायची. तोवर सुधारला तर सुधारला, नाहीतर डोह. धोंडा धन्याच्या पालापुढेच राहिला.

मग ज्याला जे सुचलं ते त्याने सांगितलं. एकजण म्हणाला डाग द्या. एकजण म्हणाला उपाशी ठेवा. वाटेने अस्वल नाचवणारा एकजण चालला होता, तो थांबला. "अस्वल नाचवलं मी," तो मिशीवर हात फिरवत म्हणाला, "तिथं कुत्र्याची काय कथा?"

त्याने कवड्याच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवलं, त्याला आडवा पाडला आणि त्याच्यावर गुडघा टेकून बराच वेळ बसला. कवड्याने हालचाल केली नाही. "बघा, निवला," असं म्हणून तो उठला, पाठ वळवून डमरू उचलायला वाकला, आणि कवड्याने त्याच्या पोटरीचा घास घेतला. पुन्हा तसाच, आवाज न करता.

अस्वलवाला लंगडत गेला. डमरू तिथेच राहिलं. पोरं हसली, पण म्हातारे हसले नाहीत. त्यांच्यातला एक धोंड्यावर हात ठेवून म्हणाला, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, धनी."

त्या संध्याकाळी धनिणीने रीत मोडली. धन्याचा हात अजून ताटात होता आणि ती बोलली.

"अवो, खिंडीतल्या म्हातारीकडं जा की. कुत्र्यांचं तिला कळतं म्हणतात."

धन्याचा घास थांबला. "मी चाळीस वर्षं कुत्री पाळली. आता कुत्रं कसं पाळायचं हे म्हातारीला विचारू?"

"मेंढी अडली म्हंजे दहा कोस चालून जाणत्याला आणता. तेव्हा न्हाई म्हणत, मी चाळीस वर्षं मेंढ्या पाळल्या. हे कुत्रं अडलंय. आणि तिथं धोंडा हाय पुढ्यात."

धन्याने तिच्याकडे रागाने बघितलं. मग धोंड्याकडे बघितलं. त्याने उरलेली भाकरी मुकाट्याने खाल्ली. सकाळी उठून तो खिंडीकडे चालू लागला.

खिंडीत एक म्हातारी राहत होती. शिकारी, राखणदार, मेंढपाळ सगळ्यांना तिने कुत्री तयार करून दिली होती. तिच्या डाव्या हाताची करंगळी नव्हती. धनी गेला तेव्हा ती दारात बसून ताक घुसळत होती. दोन कुत्री तिच्या पायाशी होती. धनी जवळ आला तसं त्यातलं एक गुरगुरलं.

धन्याने सवयीने काठी उचलली.

"काठी खाली," म्हातारी म्हणाली. "तो तुला म्हणाला, तिथंच थांब. थांबलास तर झालं. काय काम काढलंस, बाबा?"

धन्याने सगळं सांगितलं. ठकीचं मनगट, अस्वलवाल्याची पोटरी, धोंडा. म्हातारी घुसळत होती. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "पोरीला चावायच्या आधी तो काय म्हणाला?"

"कोण?"

"कुत्रा."

धन्याला हसू आलं. "कुत्रं काय म्हणणार, आजी? काहीच म्हणालं न्हाई. तेच तर नवल हाय. त्या कुत्र्याचं नावच हाय माळावर. ते माणसावर गुरगुरत न्हाई."

म्हातारीचा हात थांबला.

"कधीपासून?"

"पिल्लू होतं तेव्हा गुरगुरायचं. मी फोकानं काढलं ते सगळं. महिनाभरात."

"फोकानं काढलंस," म्हातारी म्हणाली. तिने पुन्हा घुसळायला सुरुवात केली. ताकावर लोणी तरंगून आलं. मग तिने विचारलं, "तुझ्या मेंढरांना तू रात्री जाळीचं कुंपण करतोस ना?"

"करतो की."

"त्या जाळीला घुंगरं कशाला बांधतोस?"

"लांडगा जाळीला लागला की वाजतात. आम्ही उठतो."

"वाजली म्हणून कधी घुंगरांना मारलंस?"

धनी काठी बाजूला ठेवून खाली बसला.

"तू घुंगरं तोडलीस, बाबा," म्हातारी म्हणाली. "आणि आता म्हणतोस, लांडगा न वाजता आला. तुझं कुत्रं रागीट न्हाई. ते सांगणारं होतं. तू त्याचं सांगणं मोडलंस. मग त्याच्याकडं उरलं काय? दात."

तिने ताकाचं मडकं झाकलं, काठी घेतली आणि उठली. "चल. मला त्याला बघू दे. न बघता मी कुणाला वाईट म्हणत न्हाई, चांगलंही म्हणत न्हाई."

तळावर आल्यावर म्हातारीने कवड्याला हात लावला नाही. ती वीस पावलांवर बसली आणि बघत राहिली. दुपार गेली. पोरं कंटाळून निघून गेली. शेपटाची म्हण काढणारा तोच म्हातारा येऊन म्हणाला, "काय आजी, शेपूट सरळ करायला आलात?"

"शेपटाशी मला काय करायचंय?" ती म्हणाली. "मी तोंडाचं बघायला आले. तूही बघ. दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायची सवय चांगली."

उन्हं उतरल्यावर तिने धन्याला बोलावलं. "तो मान कुठल्या अंगाला टाकतो?"

धन्याने बघितलं. "डाव्या."

"कान कितीदा झाडला, मोजलंस?"

धन्याने मोजलं नव्हतं.

म्हातारीने मऊ चिंध्यांचं मुसकं केलं, तेही एकदम घातलं नाही. आधी वास घेऊ दिला, मग नाकाला लावलं, मग भाकरीचा तुकडा दिला. असं करत करत अंधार पडायच्या आत मुसकं चढलं. तिने डाव्या कानात कोमट तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं. मग बारीक चिमटा आत घातला आणि अलगद ओढला. चिमट्याच्या टोकाला गवताचं एक कुसळ होतं, बोटाच्या पेराएवढं, पुवाने माखलेलं.

"हे किती दिवस आत होतं कुणास ठाऊक," ती म्हणाली. "पोरीनं हाच कान ओढला. तू असतास तर ओरडला असतास. याला ओरडायची बंदी होती."

धन्याने कुसळ तळहातावर घेतलं. पाहुण्यांसमोर तोही हाच कान पिळत आला होता.

"मग आता झाला बरा?" त्याने विचारलं.

"कान बरा होईल. ते सोपं होतं. आता त्याची गुरगुर परत आणायची."

"परत आणायची?" धन्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आजी, म्हातारे त्याला डोहात टाकायला बसलेत. आणि तुम्ही त्याला गुरगुरायला शिकवणार?"

"त्याला न्हाई शिकवणार. त्याला येतं ते. तुला शिकवणार."

दुसऱ्या सकाळपासून शिकवण सुरू झाली. कवड्यापुढे परळ ठेवायचा. धन्याने लांबून त्याच्याकडे चालत यायचं. कवड्याने तोंड फिरवलं, नाक चाटलं, अंग ताठ केलं की तिथेच थांबायचं, दोन पावलं मागे व्हायचं आणि लांबूनच एक चांगला तुकडा टाकायचा. बस. एवढंच. पुन्हा. पुन्हा.

ऐकायला हे सोपं आहे. धन्याला ते लोकर कातरण्यापेक्षा अवघड गेलं. चाळीस वर्षांत तो कुणापुढे मागे सरला नव्हता. पहिल्या दिवशी त्याचा पाय मागे पडेना.

"मागं," म्हातारी म्हणायची.

"अजून तो काही बोललाही न्हाई."

"बोलला. त्यानं जीभ फिरवली. तू मोठ्यानं बोललेलंच ऐकतोस, आणि मोठ्यानं बोललं की मारतोस. मग कुणी बोलावं कसं?"

तळावरची माणसं कात्र्या थांबवून बघायची. "धनी कुत्र्याला मुजरा करायला लागले!" कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे तोंडावर हात ठेवायचे. धन्याचा चेहरा लाल व्हायचा, पण धोंडा तिथेच होता. तो मागे व्हायचा.

धाकटा भाऊ लोकरीच्या ढिगावर बसून हे रोज बघायचा. तो हसला नाही. म्हातारीने दोन-तीनदा त्याच्याकडे निरखून बघितलं.

"हा कोण?" तिने एकदा धन्याला विचारलं.

"माझा धाकटा भाऊ. फार शहाणा. एक शब्द बोलत न्हाई."

"असं का," म्हातारी म्हणाली.

दिवस जात होते. कवड्याच्या कानातला पू थांबला. तो मान सरळ धरू लागला. धनी येताना दिसला की त्याचं शेपूट जमिनीवर एकदोनदा आपटायचं. पण आवाज नव्हता. कातरणीची शेवटची मेंढी उरली. दुसऱ्या दिवशी तळ हलणार होता. तिन्ही म्हातारे येऊन धोंड्याजवळ बसले. एकाच्या हातात दोर होता.

"आज बघायचं, धनी," तो म्हणाला.

परळात भाकरी कुस्करून ठेवली होती. कवड्या खाऊ लागला. सगळा तळ लांब उभा राहिला. धनी चालू लागला. दहा पावलं. पाच. कवड्याने नाक चाटलं. धन्याला वाटलं, माणसं बघताहेत, आज तरी कुत्रा गपच राहिलेला बरा. तो थांबला नाही. आणखी एक पाऊल त्याने टाकलं.

कवड्याने परळावरची मान उचलली नाही. त्याच्या छातीतून एक आवाज निघाला. गंजलेला, तुटका, आत कुठेतरी पडून राहिल्यासारखा. जात्यातले दाणे संपत आल्यासारखा.

माणसांनी काठ्या उचलल्या. दोरवाला म्हातारा उठून उभा राहिला. धन्याचा हात सवयीने वर गेला.

कवड्याने तो हात बघितला. त्याचं अंग आकसलं. फटका येणार म्हणून त्याने डोळे मिटले. पण आवाज त्याने थांबवला नाही.

धन्याचा हात हवेत राहिला. मग तो हळूहळू खाली आला. धनी एक पाऊल मागे झाला. मग दुसरं. मग, सगळ्या तळासमोर, तिसरं.

गुरगुर थांबली. कवड्याने डोळे उघडले, धन्याकडे बघितलं आणि भाकरी खाऊ लागला.

"हे काय?" दोरवाला म्हातारा म्हणाला. "सुधारायचा होता, तर हा आता माणसावर गुरगुरायला लागला!"

"आता हे कुत्रं ठेवता येईल," म्हातारी म्हणाली. "काल न्हाई येत होतं. आज तो चावायच्या आधी सांगतो. सांगितल्यावर मागं सरलं की चावायचं कारण उरत न्हाई. लेकरांना शिकवा, खाताना-झोपताना त्याच्याजवळ जायचं न्हाई, आणि तो असं म्हणाला की लांब व्हायचं. आणि मोठ्यांनाही शिकवा. मोठ्यांना जास्त वेळ लागतो."

म्हातारे एकमेकांशी कुजबुजले. मग दोर आणलेल्याने तो गुंडाळून कमरेला बांधला. धनिणीने धोंडा उचलला. तिच्या चुलीचा एक दगड तडकला होता, तिथे तिने तो बसवला आणि त्यावर तवा ठेवून भाकरी टाकली.

निघताना धन्याने म्हातारीला दोन मेंढरांची लोकर दिली. ती तिने काखेत मारली.

"आजी," धनी म्हणाला, "तुमची करंगळी कुत्र्यानं नेली का?"

"नेली. तो गुरगुरला होता. मला वाटलं, मला काय सांगतो." ती हसली. मग तिने लोकरीच्या ढिगाकडे बघितलं. तिथे धाकटा एकटाच बसला होता. "कुत्र्याची बोली दहा दिवसांत परत आली, बाबा. माणसाची इतक्यात येत न्हाई. लवकर लाग कामाला."

एवढं बोलून ती खिंडीच्या वाटेला लागली.

त्या संध्याकाळी धनी जेवायला बसला. नेहमीसारखी शांतता होती. चुलीतलं लाकूड तडतडलं तेवढंच. धन्याने घास खाली ठेवला आणि धाकट्याकडे वळून म्हणाला, "उद्या कुठल्या वाटेनं जावं? तुला काय वाटतं?"

सगळ्यांचे हात थांबले. धाकट्याने वर बघितलं. मग त्याने तोंड फिरवून माळाकडे बघितलं. ओठांवरून जीभ फिरवली. हे धन्याने आधी शंभरदा बघितलं असेल. आज त्याला ते पहिल्यांदा दिसलं.

त्याने ताट तसंच बाजूला सारलं.

सकाळी तळ उठला. पालं सोडली, सामान घोड्यांवर चढलं. मेंढरं मोजताना धन्याला दिसलं की साठ मेंढरं बाजूला उभी आहेत. ती धाकट्याच्या वाट्याची होती. धाकटा त्यांच्यापुढे उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पाठीला मडकं. हे एका दिवसात ठरलेलं नव्हतं. मडक्याला नवं शिंकं विणलेलं होतं, आणि शिंकं विणायला चार दिवस लागतात.

धनी त्याच्याकडे गेला.

"काय झालं?" त्याने विचारलं. "कशानं दुखलं तुला? सांग मला. मी गप म्हणणार न्हाई."

धाकटा बोलला नाही.

"शिवी दे," धनी म्हणाला. "काठी उचल. काहीतरी म्हण, लेका."

धाकट्याचे ओठ हलले. गळ्याशी काहीतरी वर आलं आणि तिथेच राहिलं. इतक्या वर्षांत ती वाट बुजून गेली होती. कवड्या चालत आला आणि त्याच्या पायाशी उभा राहिला. धाकट्याने वाकून त्याचा डावा कान हलक्या हाताने कुरवाळला. कवड्याने तो कुरवाळू दिला.

धन्याला पुढे होऊन भावाचा हात धरावासा वाटला. त्याने एक पाऊल टाकलंही. भावाचं अंग ताठ झालं. धनी थांबला. तो दोन पावलं मागे सरला, आणि त्याने वाट मोकळी केली.

धाकट्याने काठी टेकली, मेंढरांना हाक न घालताच वळवलं, आणि एक शब्द न बोलता तो माळ ओलांडून निघून गेला.

ज्याची गुरगुर आपण मारून बंद करतो, त्याचा घाव आपल्यावर न सांगता येतो.